अर्थिंगला पाणी

पुण्याहून आलेल्या पार्सलातून साबणाच्या वडीएवढा काळा डबा निघाला. आमचे हे, म्हणजे देवानंद, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. पगारवाढ झाली तेव्हा एवढे हसले नव्हते.

"ह्याला डॅक म्हणतेत," ते म्हणाले. "कॉम्प्युटरात गाणं आकड्यांत असतंय. हा त्या आकड्यांचा आवाज करतो. कॉम्प्युटर बी करतो, पण भरडा करतो."

"जातं म्हणा की. दाणे तेच, पीठ बारीक."

"बराबर!" ते म्हणाले. मी आपली टोमणा मारायला गेले होते.

हे सगळं चाललं होतं माझ्या लग्नाच्या कॅसेटसाठी. त्र्याऐंशी साली कुंभार पिंपळगावात आमचं लग्न लागलं. माझे वडील, भिवा त्यांचं नाव, गायन पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. पाठवणीला सगळे बाप लेकीला पोटाशी धरतात, माझा बाप मात्र जीप हलेपर्यंत वाजवत राहिला. मला एक शब्द बोलला नाही. आणि शेवटी शेवटी त्याचे सूर अडखळायला लागले, दोनदा तर मध्येच तुटले. माझ्या सासूबाई, मालनबाई, जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या, "व्याह्यानं घेतलेली दिसती."

त्याच सकाळी त्यानं सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं होतं, दारूला शिवणार नाही म्हणून. ते बोलणं गावभर झालं. पुढे तो गेला, बोलणं राहिलं. कुणी काढलं की मी वाघिणीसारखी अंगावर जायची. पण बाप तरुणपणी घ्यायचा, हे मला आईकडून माहीत होतं. त्यामुळे भांडून झाल्यावर मनात पाल चुकचुकायचीच. बापाच्या पायाशी टेप ठेवून भरलेल्या कॅसेटवर तर नुसती खरखर होती, तिच्यातून काय कळणार? तीच कॅसेट ह्यांनी पुण्याच्या एका स्टुडिओतून मोठ्या फाईली करून आणली होती.

मे महिना, दोन हजार सात. रविवारची दुपार, लाईट नुकतीच आली होती. कॉम्प्युटरातून एक वायर डब्यात, डब्यातून दोन वायरी अँप्लिफायरला, तिथून स्पीकरला. ह्यांनी बटण दाबलं आणि घरात घूंऽऽ सुरू झालं, घागरीत भुंगा कोंडावा तसं. वायरी बदलून झाल्या, प्लग उलटे घालून झाले. शेवटी ते खाली बसले.

"अर्थिंगचा खड्डा वाळलाय. पाणी लागतंय त्याला, तवा ही घूं जाईल."

आमच्या जालन्यात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. पाण्याच्या ड्रमाजवळ आत्याबाई, म्हणजे ह्याच सासूबाई, राखणीला बसलेल्या. मी बादली भरायला लागले तशा त्या कडाडल्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् खड्ड्याला पाजून राह्यलीस?"

"माझ्या बापासाठी नेते, आत्याबाई," मी म्हणाले आणि नेलीच. मागच्या अंगणात खड्ड्यानं सगळी बादली घटाघटा पिऊन टाकली.

आत आले तर भुंगा गेला होता. ह्यांनी पडदा ओढला, खोली विहिरीच्या तळासारखी गार आणि हिरवी झाली. मग मंडप आला. आधी बांगड्या, मग कुणाचं तरी लेकरू, मग कनातीची फडफड माझ्या डाव्या कानाशी. मी खुर्चीत होते आणि नव्हतेही. हळदीचा हात पुन्हा ओला वाटत होता. क्लॅरिनेट सुरू झालं तेव्हा सुराच्या आत त्याची बोटं ऐकू येत होती, चाव्यांवर टिकटिक पडणारी. सुराआधी तो श्वास घ्यायचा तोही. बाप गेल्यापासून मी त्याचा श्वास ऐकला नव्हता. तो इतका जवळ होता की हात केला असता तर सदऱ्याला लागला असता.

जीपचं दार वाजलं. सूर अडखळला, तुटला. त्या रिकाम्या जागेत श्वास तुकड्यातुकड्यांनी आत गेला. नाक ओढल्याचा आवाज आला. त्यानं पुन्हा तीच ओळ धरली, पुन्हा ती तुटली, आणि तोंडातल्या तोंडात, कुणाला ऐकू जाऊ नये असा, तो म्हणाला, "जाय, माय."

माझा बाप प्यालेला नव्हता. माझा बाप रडत होता. मी तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच.

मागे वळून पाहिलं तर आत्याबाई दारात उभ्या. बादलीसाठी भांडायला आल्या असतील. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. ह्यांनी घाईनं बटणाकडे हात नेला.

"बंद करू नको रं," त्या म्हणाल्या आणि वळल्या. ड्रमाचं झाकण वाजलं. खिडकीतून मला दिसलं, भिंतीला धरत धरत त्या खड्ड्यापाशी गेल्या आणि तांब्याभर पाणी त्यात ओतलं.

परत आल्या तेव्हा माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्पीकरसमोर खाली बसल्या आणि व्याह्यासमोर घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला.

"लाव," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून लाव."