भिंतीआडचा डॅम्पर

मित्रांनो, मी एक जुना डॅम्पर आहे. नाव ऐकून गोंधळलात ना? दार धाडकन आपटू नये म्हणून त्याच्या वरच्या बाजूला एक नळी बसवलेली असते. तिचा मी थोरला भाऊ! एका इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, भिंतीआड तिरका बसलेला असतो. भूकंपात इमारतीचे हलणे आवरायचे, हे माझे काम.

माझ्या पोटात तेल आहे आणि तेलात लोखंडाची बारीक पूड. तारेतून वीज आली की पुडीचे कण एकमेकांना धरून ठेवतात आणि तेल लोण्यासारखे घट्ट होते. वीज थांबली की पुन्हा पातळ. कारखान्यात हे पहिल्यांदा घडले, तेव्हा माझे मलाच नवल वाटले. इमारत किती हलते आहे ते सेन्सर सांगतात आणि तळघरातली पेटी त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करते.

मला बसवले त्या दिवशी मोठ्या नर्सबाईंनी विचारले, "मग कायमच घट्ट का नाही ठेवत?"

इंजिनिअरबाई हसल्या. "फार ताठ राहिला तर धक्का थेट खांबांवर जाईल. फार ढिला राहिला तर इमारत झुलतच राहील. वेळ बघून बदलायचं, हेच तर त्याचं काम."

मग नऊ वर्षे काहीच घडले नाही. माझ्यापुढे सलाईनची खोकी रचली गेली. एसी बसवणाऱ्याने मध्ये येते म्हणून माझी तारच कापली. मला वाटले, आपल्याला कुणी बोलवतच नाही!

एके दिवशी नवी तंत्रज्ञ ताई तपासणीला आली. भांडारवाले काका वैतागले. "ताई, हा नळा हललेला मी कधी पाहिला नाही. कशाला उगाच माझी खोकी हलवता?"

"काका, हलायची वेळ आली नाही, हे नशीब आपलं."

कापलेली तार दिसली, तशी तिने हत्यारांची पिशवी उघडली. फरशीवर बसून तिने तार जोडली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, भर सकाळी, जमीन हादरली. भिंतीपलीकडे शस्त्रक्रिया चालू होती. दिवे गेले, पण पेटीला स्वतःची बॅटरी होती. वीज आली, मी घट्ट झालो, ओसरली, सैल झालो, पुन्हा घट्ट. वरच्या-खालच्या मजल्यांवर माझी भावंडेही झुंजत होती. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "हात हलू देऊ नका. बॅटरीचा दिवा धरा इकडे."

सगळे शांत झाल्यावर काका धावत आले; मागोमाग आम्हाला तपासायला ताईही आली. त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. "अगं ताई, हा तर तापलाय!"

"धक्का पोटात जिरवला ना त्यानं. त्याचीच ऊब आहे ती."

पलीकडचा रुग्ण सुखरूप होता. काकांनी माझ्यापुढची उरलेली खोकी स्वतःच बाजूला नेली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादे यंत्र कधीच न वापरता कोपऱ्यात उभे असेल. मोठ्यांना एवढेच विचारा, "हे शेवटचं कधी तपासलं?" उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारा.