जेवलात का विचारणारी खिडकी

संपादकांच्या वेबसाइटवर म्हातारी माणसं येत होती, याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की ती येत, वाचत आणि निघून जात. मालकाच्या नजरेने पाहिलं तर वाचकाने याहून वाईट वागायचं तरी काय राहिलं?

'निवांत' हे त्या वेबसाइटचं नाव. ठळक अक्षरं, रोजचं शब्दकोडं, गुडघ्यांचे व्यायाम, झोप न येण्यावर लेख आणि झोप फार येण्यावरही लेख. लेखक संपादकच, मालक संपादकच आणि संध्याकाळी दिवे मालवणारेही संपादकच. कचेरी म्हणजे एका इमारतीतली एक खोली. तीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची पाहुण्यांसाठी होती, म्हणून तिच्यावर कायम कागद ठेवलेले असत.

जाहिरातींचं उत्पन्न खोलीच्या भाड्यापाशी पोहोचता पोहोचता दमायचं. अशात एक दिवस एका जाहिरात कंपनीचा माणूस आला. त्याला आपण जाहिरातवाला म्हणू. त्याने खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले आणि तो असा बसला, जणू खोली त्याचीच आहे.

"साहेब, तुम्ही खाणीवर बसलाय आणि माती विकताय."

"म्हणजे?"

"तरुण पोरं पान उघडतात आणि पळतात. तुमचे वाचक बसतात. त्यांना जायचंय कुठे? शिवाय त्यांचं बोट थरथरतं." इथे त्याने क्षणभर डोळे मिटले. "थरथरणारं बोट ही आमच्या धंद्यातली फार पवित्र गोष्ट आहे, साहेब."

मग सुधारणा सुरू झाल्या. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक आणि फिकी झाली की ती आहे यावर श्रद्धाच ठेवावी लागे. कोड्याची उत्तरं पानापानांवर विखुरली. 'पुढे' या बटणाला खेटून गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आली. वाचक पुढे जायला निघे आणि पट्ट्यात अडके. महिन्याच्या अहवालात या अडकण्याला 'वाचकांची वाढती रुची' असं नाव मिळालं. ते वाचून संपादकांना क्षणभर वाईट वाटलं. पण अहवालाचं दुसरं पान उत्पन्नाचं होतं.

खरी करामत पुढेच होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडायची. तिच्यात एका मुलीचा हसरा चेहरा, आणि ती विचारायची, 'जेवलात का?' तुम्ही काहीही उत्तर लिहा, ती 'अरे वा!' किंवा 'अरेरे!' म्हणून पचनाचं चूर्ण, गुडघ्याचा पट्टा नाहीतर कानाचं यंत्र पुढे करायची. आधी पैसे नकोत. वस्तू दारात येईल. नाही आवडली तर आमचा माणूस घरी येऊन परत नेईल.

ती चालते की नाही हे पाहण्यासाठी एका संध्याकाळी संपादकांनी लिहिलं, 'नाही अजून.'

'अरेरे! स्वतःची काळजी घ्या हं,' खिडकी म्हणाली.

संपादक त्या वाक्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग खोलीत दुसरं कुणी नसताना उगाच खाकरले आणि सर्व काही ठीक चालल्याचं जाहिरातवाल्याला कळवून टाकलं.

काही महिने बरे गेले. आणि मग जाहिरातवाल्याचा फोन आला.

"साहेब, घोळ झालाय. तुमचे वाचक वस्तू मागवतात."

"मग? चांगलंच आहे की."

"आणि परत करतात! सगळ्या! पट्टा गेला की पट्टा आलाच. गोदामातली माणसं आता एकेका पट्ट्याला चेहऱ्याने ओळखतात. कंपनी चिडलीय. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर करार रद्द."

करार रद्द म्हणजे वेबसाइट बंद, हे त्याने सांगितलं नाही. संपादकांना हिशेब येत होता.

म्हातारी माणसं असं का करतात, हे कुणाला तरी विचारणं भाग होतं. आणि इथे एक छोटी अडचण निघाली. ज्येष्ठांसाठी वेबसाइट चालवणारे हे गृहस्थ प्रत्यक्षात एकाच ज्येष्ठ माणसाला ओळखत होते. ती त्यांची आत्या. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलं होतं. ती याच शहरात एकटी राहायची, बसने जाण्याच्या अंतरावर. ते अंतर संपादकांना गेल्या वर्षभरात काही कापता आलं नव्हतं. ज्येष्ठांच्या कामातून सवडच मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत्याच्या दाराची बेल वाजवली. बोट बटणावरून निघायच्या आत दार उघडलं.

"या, या, आज लवकर..." आत्या म्हणाली आणि थबकली. "अगंबाई! तू?"

"दुसऱ्या कुणाची वाट बघत होतीस?"

"पार्सलवाल्याची. असू दे, तूही चालशील. ये."

खोली लख्ख होती. आत्याने केस नीट विंचरले होते, घरात घालत नाहीत असा स्वेटर घातला होता. टेबलावर पाण्याचे भरलेले पेले झाकून ठेवले होते. भिंतीशी खोक्यांची उतरंड होती. गुडघ्याचा पट्टा, कानाचं यंत्र, पाय चेपायचं यंत्र. एकाचीही चिकटपट्टी उघडलेली नव्हती.

"आत्या, गुडघे दुखतात तुझे?"

"माझे? रोज जिना चढउतार करते मी. तुझे दुखत असतील, चेहऱ्यावरून वाटतंय."

"ऐकू कमी येतं?"

"फोन एक्सचेंजमध्ये उभा जन्म गेला माझा. तू खालच्या मजल्यावर खाकरलास तेही ऐकलं मी. बस आता, पाणी पी."

"मग हे सगळं कशाला?"

"तो पट्टा आज परत जायचा. यंत्र परवा. एक खोकं उद्या यायचंय."

"पण परतच करायचं तर मागवतेस कशाला?"

लहानपणी त्यांना साधा भागाकार जमत नसे तेव्हा आत्या ज्या नजरेने पाही, त्याच नजरेने तिने पाहिलं.

"अरे, वस्तू द्यायला माणूस येतो. परत न्यायलाही माणूस येतो. एका पट्ट्यात दोनदा बेल वाजते! आणि वस्तू मोठी असली की दोघं दोघं येतात. मागे मी व्यायामाची सायकल मागवली होती. काय सुंदर दुपार गेली म्हणून सांगू!"

संपादक हसले. मग आत्या हसत नाहीये हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आणि ती खिडकीतली मुलगी..." त्यांनी चाचरत म्हटलं. "आत्या, ती मुलगी खरी नाही. यंत्र आहे ते."

"मला शिकव! पलीकडे माणूस आहे की नाही, हे मला नुसत्या श्वासावरून कळायचं. ही बया श्वासच घेत नाही. मी तिला एकदा लिहिलं, आज जेवले नाही, जेवावंसंच वाटत नाही. तिने चूर्ण दाखवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, पोटभर जेवले. तरी चूर्णच!"

"मग तिला उत्तर का देतेस?"

आत्याने टेबलावरचा न सांडलेला थेंब नीट पुसला.

"दिवसभरात तेवढा एकच प्रश्न येतो रे मला."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती एकदाची सुरू झाली.

"एक्सचेंजला असताना," आत्याच पुढे बोलली, "लोक आम्हाला वेळ विचारायचे. किती वाजले हो? आणि मागे त्यांच्याच घरातलं घड्याळ टोले देत असायचं, मला ऐकू यायचं. आम्ही सांगायचो. जरा सावकाश सांगायचो. एकदा आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं, वेळ सांगायच्या आधी साबणाची जाहिरात ऐकवायची. आम्ही सगळ्या बायका जागेवर उभ्या राहिलो. बोललो काहीच नाही, नुसत्या उभ्या राहिलो. साहेबांनी साबण परत खिशात घातला. एकट्या माणसाने मारलेली हाक ऐकून तिथे दुकान मांडायचं, हे आम्हाला नाही पटलं. हल्ली ते पटणारा कुणीतरी शहाणा निघालाय खरा."

संपादकांनी पेला तोंडाला लावला. पाणी संपलं तरी ते पीत राहिले.

"मीच तो," शेवटी ते म्हणाले.

"काय तू?"

"'निवांत' माझी आहे. ती खिडकीही मीच लावलीय."

"आणि ती फुली? ती बारीक फुलीही तुझीच?"

"हो."

"अरे गाढवा! मला वाटलं माझे डोळे गेले! चष्मा बदलून आणला मी!" आत्याचा आवाज चढला आणि चढला तसाच खाली आला. "म्हणजे इतके दिवस मला जेवलीस का विचारत होतास तो तूच. मग बाळा, एकदा येऊन का नाही विचारलंस?"

नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला, आणि तो घेऊन खिडकीपाशी जाताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं. जाहिरातवाला खुशीत होता.

"साहेब, इलाज सापडला! वस्तू परत करणारे सगळे वाचक आम्ही हुडकलेत. तुम्ही फक्त हो म्हणा. उद्यापासून त्यांना काही मागवताच येणार नाही. तोटा बंद, करार पक्का, तुमची वेबसाइट वाचली!"

इतक्यात दाराची बेल वाजली. आत्या केसांवरून हात फिरवत उठली. पार्सलवाला आत आला. चांगला पिकल्या मिशांचा माणूस. तो सवयीने खुर्चीच्या टोकावर टेकला, सवयीने त्याने पेल्यावरचं झाकण काढलं.

"मुलीची मुलाखत कशी झाली?" आत्याने विचारलं.

"बरी झाली म्हणते. आज जरा लवकर निघतो हं, ताई. याच रस्त्यावर अशी बरीच घरं आहेत माझी. सगळीकडे पाणी प्यावं लागतं."

"प्या हो. तब्येतीला चांगलं असतं."

"साहेब?" फोनमधला आवाज अधीर झाला होता. "हो समजू ना? एक शब्द बोला आणि करार वाचवा."

संपादकांनी पाहिलं. पार्सलवाल्याने पट्ट्याचं खोकं काखेत मारलं होतं, आणि आत्या त्याला उगाचच जिन्यापर्यंत सोडायला निघाली होती. एक शब्द, की उद्यापासून या दारापाशी कुणी थांबणार नव्हतं. या रस्त्यावरच्या बऱ्याच दारांपाशी थांबणार नव्हतं.

"नाही!" ते ओरडले.

"काय नाही?"

"हो नाही! खिडकी काढून टाका. फुली मोठी करा. आंधळ्यालाही सापडेल एवढी मोठी करा!"

"साहेब, करार गेला समजा!"

"समजलो."

त्यांनी फोन ठेवला. आत्या परत आली तेव्हा तिने सगळं ऐकलेलं होतं, हे सांगायला नकोच.

"शूर झालास. आता खाणार काय?"

"माहीत नाही."

"मग ऐक. जाहिरातीत काही पाप नाही. कानाचं यंत्र कुणाला तरी खरंच हवं असतं. फक्त दुकानावर दुकान असं लिही, मैत्रीण असं लिहू नकोस. आणि आम्हाला पट्टा नको आहे रे, माणूस हवाय. या शहरात घरी येऊन काम करणारी माणसं थोडी आहेत का? केस कापणारा आहे, घड्याळं दुरुस्त करणारा आहे, घरपोच पुस्तकं देणारी ती वाचनालयवाली आहे. त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि आम्हाला ती माणसं. छाप त्यांच्या जाहिराती."

करार गेला. भाड्याची खोलीही गेली; 'निवांत' संपादकांच्या घरातल्या टेबलावर आली. आता प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, 'ही जाहिरात आहे.' जाहिरातवाल्याने भाकीत केलं होतं की यामुळे एकही बोट तिकडे वळणार नाही. बोटं वळली. कमी वळली, पण ठरवून वळली, आणि ठरवून वळलेलं बोट मागवलेलं परत पाठवत नाही. केस कापणाऱ्याने तक्रार केली की केसांपेक्षा गप्पांनाच जास्त वेळ लागतो. तक्रार करून त्याने जाहिरात पुढच्या महिन्यासाठीही दिली. उत्पन्न पूर्वीइतकं अजून झालेलं नाही, पण वाढतं आहे.

आत्याकडे संपादक आता आठवड्यातून एकदा जातात. बाकीचे दिवस तिचे तिलाच काढावे लागतात, हे दोघांनाही माहीत आहे.

आणि खिडकी काढल्यावर वाचकांची पत्रं आली. आभाराची नव्हेत! 'ती मुलगी कुठे गेली?' बऱ्याच जणांनी विचारलं होतं. एका निवृत्त नकाशाकाराने लिहिलं, 'आता जेवलात का असं कुणीच विचारत नाही.' संपादक त्या ओळीसमोर दुपारभर बसले. मग त्यांनी उत्तर लिहिलं: 'ती मुलगी नव्हतीच. मी होतो, आणि मी मनापासून विचारत नव्हतो. माफ करा.'

थोड्या वेळाने उत्तर आलं.

'ते ठाऊक होतं. तुम्ही जेवलात का?'

संपादकांनी लिहायला बोट उचललं. ते थरथरत होतं.

नागरिकहो, म्हाताऱ्या माणसांकडून जरूर कमवा. त्यांनाही वस्तू लागतात आणि त्यांनाही आपला पैसा कुठे जातो ते पाहायचा हक्क आहे. पण त्यांचं एकटेपण ही बाजारपेठ नव्हे. जो प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर ऐकायला थांबा. आणि थांबायला वेळ नसेल, तर निदान तो प्रश्न विकू नका.