एकही खाडा नाही

करंगळी. डाव्या हाताची, टाइपरायटरच्या वर अधांतरी उभी, कपबशी धरताना काही बायका धरतात तशी ऐटीत… आणि ही आपलीच आहे हे सुकन्याला आज पहिल्यांदा दिसत होतं, कारण टायपिंग क्लासचे सर मागे येऊन उभे राहिले होते आणि पेन्सिलीचं टोक तिच्याकडे रोखून विचारत होते, "ही काय करते हो दिवसभर? हिला काम नाही?"

शेजारच्या दोघी हसल्या. सुकन्याही हसली — मेलं हसू, नको तिथे येतं.

सरांनी उजवा हात पाहिला. तिथेही तेच. कडेच्या अक्षरांवर करंगळी जायला हवी. हिची जायची अनामिका, तिच्यामागे आख्खा पंजा सरकायचा, पुन्हा जागेवर यायचा, आणि या येरझाऱ्यांत वेग चोविसावर अडून बसला होता. परीक्षेला मिनिटाला तीस शब्द लागतात. सर आजवर कागदावरच्या चुका तपासत आले, हात कुणी पाहतंय? "अठरा दिवसांत काय होणार आता," ते जरा ओशाळून म्हणाले, "बोटं पहिल्यापासून शिकवावी लागतील. पुढच्या सहामाहीला बसा."

पुढच्या सहामाहीला! जिल्हा परिषदेच्या जागेसाठी तोवर तिचं वय उलटलेलं असणार. हे तिनं सरांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय केलं असतं?

इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहताना तिचा नुसता संताप संताप होत होता. चारशे अकरा दिवस! रोज पहाटे पाच ते सहा — ताप असताना, नणंदेच्या हळदीच्या दिवशी, बोअरची मोटर जळाली त्या आठवड्यातसुद्धा — आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजची एक तांबडी खूण. क्लासात मशीन मिळायचं आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, म्हणून बाकीचा सराव घरी पुठ्ठ्यावर. पुठ्ठा म्हणजे डाळिंबाच्या खोक्याचं झाकण. क्लासातला तक्ता बघून तिनंच त्यावर अक्षरं काढलेली. दोन्ही कडांना झाकण अपुरं पडलं, शेवटची अक्षरं बसेनात. दुसरं मागावं तर नवरा, ज्ञानेश, माल भरायच्या घाईत. म्हणून तिनं ती अक्षरं आत ढकलून अनामिकेपाशी दाटीवाटीनं बसवली. चालतंय की, म्हणाली. चारशे अकरा दिवस चाललं!

आणि खाड्याची एवढी धास्ती कुठून आली, तेही तिला ठाऊक होतं. कोऱ्हाळ्याला माहेरी वडील, सोनबा, मेंढरं घेऊन निघाले की घरदार त्यांच्या मागे. परत येईतो हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडेच खाडे, आणि बाई वर्गासमोर म्हणायच्या, आल्या का पाहुण्या? पुठ्ठ्यासमोर बसलं की ती पाहुणी नसायची. तो एक तास तिचा होता…

एसटी आली. खिडकीशी बसल्यावर, नको नको म्हणताना, श्रावणातली एक पहाट आठवली. काय सरांना नावं ठेवतेस? तुला माहीत होतं. मला माहीत होतं. क्लासात मशीनवर हात सरकतोय हे तेव्हाच जाणवलं होतं, पुठ्ठा आखूड आहे हेही. पण थांबून नवा करायचा म्हणजे दोन-चार दिवस जाणार, खुणांची ओळ तुटणार… म्हणून मी काय केलं? एक तासाचा सव्वा तास केला. वेग वाढेना तशी आणखी जोरात तीच चूक गिरवत बसले, शहाणी!

वस्तीवर पोचली तेव्हा सासू, धोंडाबाई, गोठ्यात धार काढत होत्या. सुनेला पहाटे बसता यावं म्हणून सकाळची धारही त्यांनी वर्षापूर्वी स्वतःकडे घेतली होती; चारला उठायच्या, पाचला हिला हाक मारायच्या, आणि बाजारात भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्या सुनंचा येक खाडा न्हाय." त्या कौतुकाचाही आज सुकन्याला राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

"आलीस? किती दिस ऱ्हायलं आता?"

"अठरा."

"मंग झालंच की."

सगळं सांगावं म्हणून ती दारात उभी राहिली. करंगळी, पुठ्ठा, वय… या बाईला कुठून समजावायचं की तिनं मोडलेल्या चारशे झोपा आपण एका चुकीला पाणी घालण्यात घालवल्या? तोंडून निघालं ते वेगळंच.

"आत्या, उद्या मला उठवू नका."

धोंडाबाईंचे हात थांबले. "का गं? आंग दुखतंय व्हय?"

"न्हाय."

"अगं, मंग खाडा पडंल की!"

"पडू द्या," सुकन्या म्हणाली.

तिला वाटलं होतं, हे म्हणताना रडू फुटेल. फुटलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं, इतकं झटकन, की तिला भीती वाटली… नोकरी हातची जात होती, म्हातारी दुखावून तोंडाकडे बघत होती, आणि आपल्याला बरं वाटतंय? कशाचं? सोडून दिल्याचं, की वर्षानंतर पहिल्यांदा स्वतःशी खरं बोलल्याचं? तिला काही उमगेना.