दोन डावे पंख

आमच्या घरात दोन भाऊ राहतात आणि त्यांचा निरोप्या मी. आमचे हे खालच्या मजल्यावर, धाकटे भाऊजी वरच्या मजल्यावर, आणि मी बहुतेक वेळ जिन्यात. "वहिनी, दादाला सांगा, टाकी भरलीय." "अगं, त्याला सांग, मला ऐकू येतं." ऐकू येतं तर मला कशाला राबवता, असं एकदा विचारून पाहिलं. दोघंही माझ्यावरच उलटले. तेवढ्यापुरतं मात्र त्यांचं एकमत झालं.

भांडण सासऱ्यांच्या डोळ्यांवरून झालं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस पुरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासऱ्यांना आता नळीतून बघितल्यासारखं फक्त मधलं दिसायचं, आजूबाजूचं सगळं गडप. दवाखान्यातून आल्या आल्या भाऊजी म्हणाले, "बाबा तुझ्याजवळ राहतात. दाराला धडकतात, जिन्यात चाचपडतात, तुला काही वाटलं नाही?" हे म्हणाले, "औषधांच्या दुकानात तू बसतोस. दिवसभर लोकांना डोळ्यांचे थेंब देतोस आणि घरातला माणूस दिसत नाही?" त्यानंतर अबोला. बरं, दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते इतकं लागलं.

सासरे बस डेपोत मेकॅनिक होते. सगळी उमर गाडीखाली झोपून गेली. एके दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, मला बाजारात घेऊन चल, पण कुठे ते विचारू नकोस." खेळण्यांच्या आणि छंदाच्या सामानाच्या एका दुकानात त्यांनी मला नेलं आणि काचेला नाक लावून एक खोका दाखवला. लाकडी विमानाचं सामान. जोडायचं आपण, उडवायचं रिमोटनं.

तो खोका त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही मुलांना बोलावलं. म्हणाले, "आयुष्यभर जमिनीला चिकटलेली वाहनं दुरुस्त केली. हे उडताना मला बघायचंय, आणि बघायचं म्हणजे माझ्या डोळ्यांनी. दोघांनी मिळून करा. आणि वेळ लावू नका, मला वेळ नाही."

मिळून करा म्हटल्यावर दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाटणी मलाच करावी लागली. धड ह्यांनी करायचं, शेपूट आणि बॅटरीच्या वायरी भाऊजींनी. पंख एकेक. नकाशा एकच होता, तर भाऊजींनी त्याची झेरॉक्स काढून आणली, म्हणजे खाली यायला नको. मी म्हटलं, "एका पक्ष्याचे पंख दोन मजल्यांवर?" कुणी हसलं नाही.

पण कामाला लागले, ते मात्र जीव ओतून. हे लिफ्ट दुरुस्त करतात, जाड तारा आणि ग्रीसची सवय. बाल्सा लाकूड इतकं हलकं की हाती घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. पहिली पट्टी ह्यांच्या चिमटीतच मोडली. मग श्वास धरून काम करू लागले. नकाशा पाटावर पसरायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर पट्ट्या टाचण्यांनी रोवायच्या, मध्ये पंखाला फुगवटा देणाऱ्या बरगड्या उभ्या करायच्या आणि सांध्यात गोंदाचा थेंब. माझ्या शिवणकामाच्या टाचण्या दोन्ही मजल्यांवर गेल्या. मी टाचण्यांवाचून, कच्चे टाके घालून कपडे शिवत राहिले. वरून काचकागदाची खसखस यायची, खालूनही. सासरे मध्येच जिन्यात बसून दोन्हीकडचं ऐकायचे.

पंख जोडून बघायचा दिवस आला. भाऊजी आपला पंख तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन खाली आले. ह्यांनी आपला टेबलावर ठेवला. दोन्ही देखणे. धडाच्या एका बाजूला एक लावला, छान बसला. दुसरा लावायला गेले तर पुढे हवी ती गोल कड मागे आणि मागची पातळ कड पुढे. फिरवला तर वरचा फुगवटा खाली गेला. दोघंही पंख फिरवत राहिले, जणू कधीतरी तो ऐकेल.

मला एका नजरेत कळलं. शिवणकामात हे मी पहिल्या वर्षी केलं होतं, एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या. नकाशात फक्त डावा पंख छापला होता. उजव्यासाठी नकाशा पालथा घाला, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. ज्यानं त्यानं आपल्या मजल्यावर, आपल्या नकाशावर, मन लावून डावा पंख केला होता.

"दोन्ही डावे आहेत," मी म्हटलं.

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या सासऱ्यांनी हात पुढे करून दोन्ही पंख चाचपले आणि खुर्चीत मागे टेकले. रागावले असते तर बरं झालं असतं. "राहू द्या," म्हणाले. "नाही तरी कालपासून घड्याळाचे काटे दिसत नाहीत." आणि भिंत धरून खोलीत गेले. मला दोन्ही भावांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली.

दुसरं सामान मागवायला वेळ लागणार होता. दुकानात नुसत्या पट्ट्या मिळत होत्या, पण तयार कापलेल्या बरगड्या नाहीत. बरगडी कुठल्याही बाजूला चालते, पंख मात्र चालत नाही. म्हणजे दोनातला एक पंख मोडून त्याच्या बरगड्या काढायच्या. कुणाचा, हे मी विचारणारच होते. तेवढ्यात ह्यांनी ब्लेड उचललं आणि स्वतःच्या पंखाची कड कापायला सुरुवात केली.

"दादा, थांब," भाऊजी म्हणाले. मला नाही, ह्यांना. "तुझे सांधे माझ्यापेक्षा चांगले झालेत. माझा मोड."

"तुझा हलका झालाय. उडायला हलका लागतो. तू बरगड्या धर, नाहीतर तुटतील."

भाऊजींनी धरल्या.

नकाशा पालथा घातला तर मागून काही दिसेना. मी तेलाची बाटली आणली, बोळा भिजवून कागदावर फिरवला. तेल मुरलं तशा रेषा मागच्या बाजूला उमटल्या. पोशाखाचा नमुना उलटा करायला मी हेच करते. त्या तेलकट कागदावर दोन डोकी वाकली. मी शिवणयंत्रापाशी बसून कान तिकडेच लावले होते.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "बाबा जिन्यात चाचपडायचे, ते मी बघितलं होतं रे. म्हटलं, वय झालं."

"माझ्याकडे चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून आले होते," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं, रविवारी बघू. टाचणी दे."

ह्यांनी टाचणी दिली. माझे डोळे भरून आले आणि शिलाई वाकडी गेली. ती मी उसवली नाही.

पंखांवर इस्त्रीनं चिकटणारा लाल कागद मी चढवला. भाऊजी तोवर कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करत होते आणि रोज कितीतरी विमानं पाडत होते. मग एका सकाळी, वारा नव्हता तेव्हा, आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो.

विमान जमिनीवरून धावलं, डळमळलं आणि उडालं. सासरे आभाळाकडे बघत होते, पण भलत्याच बाजूला. हे त्यांच्या मागे उभे राहून त्यांचे खांदे वळवायचे, तोवर विमान पुढे गेलेलं असायचं. "कुठंय?" सासरे विचारत होते. "आवाज येतोय. कुठंय?" त्यांच्या नळीत ते सापडत नव्हतं, आणि बॅटरी तर संपत चालली होती.

"आडवं नको," हे ओरडले. "समोरून आण. सरळ बाबांच्या रोखानं, कमी उंचीवरून. म्हणजे नजरेतून सुटणार नाही."

"समोरून आलं की माझं डावं-उजवं उलटं होतं, दादा. पडेल."

"पडू दे. आण."

भाऊजींनी विमान लांब नेलं, वळवलं आणि खाली आणलं. ह्यांनी सासऱ्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरून किंचित उजवीकडे केली आणि तशीच धरून ठेवली. लाल ठिपका मोठा होत सरळ आमच्याकडे येत होता.

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाले, "चाक फिरतंय. एकच. दुसरं थांबलंय."

मी पाहिलं. खरंच एकच चाक फिरत होतं. आमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

विमान डोक्यावर आलं, एका अंगाला कललं, भाऊजींचा अंगठा उलट्या बाजूला गेला आणि मागच्या झुडपात कर्रकन आवाज झाला.

"उतरलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"उतरलं," दोघं एकदम म्हणाले.

"असं उतरतं होय? चाळीस वर्षं मोडक्या गाड्यांचे आवाज ऐकलेत मी."

"माझ्यामुळे झालं, बाबा," हे म्हणाले. "खाली आण म्हणून मीच मागे लागलो."

"रिमोट माझ्या हातात होता," भाऊजी म्हणाले. "तुझा काय संबंध?"

"तू सांगत होतास की पडेल म्हणून. मी ऐकलं नाही."

"मग मी तरी कशाला ऐकलं तुझं?"

दोघांचे आवाज चढू लागले. मी सवयीनं मध्ये पडणार होते, पण सासऱ्यांनी चाचपडत माझा हात धरला. त्यांचे गाल ओले होते.

"असू दे, सूनबाई," ते म्हणाले. "मला दिसलं. आता सावकाश भांडू दे त्यांना."