बुडबुड्यांमागून

हिसाएने इंजिन बंद केलं आणि होडीच्या काठावरून ओणवी होऊन पाण्याकडे पाहू लागली. खाली प्रवाळात तिचा पुतण्या शुन्सुके होता, सोबत ओसाकाहून आलेला पाहुणा. पाणबुडे प्रवाहाबरोबर जाणार आणि ती वरून त्यांच्या बुडबुड्यांमागे होडी नेणार, हाच तिचा जन्माचा धंदा. स्वतः ती कधी खाली गेली नव्हती. खालचं सगळं नवऱ्याचं, कुनिओचं.

त्याचे बुडबुडे ती हजारांत ओळखायची. एक झुबका वर यायचा, मग सावकाश दुसरा. गेल्या हिवाळ्यात कुनिओ घरी अंथरुणातच गेला. आता तिला उरली होती ती ही होडी, आणि तिच्याबद्दलही शुन्सुकेने परवाच बजावलं होतं, "काकू, पुन्हा चुकलात तर होडीवर दुसरा माणूस ठेवीन."

आज तसेच संथ बुडबुडे दिसले, एकाच जागी. ते कुनिओचे नाहीत हे डोक्याला कळत होतं, पण सुकाणूवरचा हात हलेना. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला! तिने डब्यातला भाताचा गोळा काढला आणि सवयीने त्याचे दोन तुकडे केले.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. लांब, खुल्या समुद्राकडे दोन डोकी वाहत चालली होती. तिने तुकडे टाकून इंजिन सुरू केलं.

"डोळे कुठं गहाण ठेवलेत काकू?" शुन्सुके शिडीवरूनच ओरडला. "अजून जरा वेळ, की थेट अमेरिकेला लागलो असतो आम्ही!"

"बुडबुडे होते रे तिथं."

"गरम झरा आहे तो! तळातून येतात ते."

पाहुणा टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला होता. त्याच्याकडे पाहून हिसाएने होडीची किल्ली काढली आणि शुन्सुकेच्या हातात ठेवली.

"माणूस बघ. मला आता जमायचं नाही."

शुन्सुके वरमला. म्हणाला, "काकाही तिथंच अडकायचे. वर यायच्या आधी रोज हात शेकत बसायचे."

"रोज?"

"गार हात लावले की तुझी काकू बोंबलते, असं म्हणायचे."

शिडीवर आधाराला ती हात पुढे करायची, तेव्हा कुनिओचे हात नेहमी ऊबदार असायचे. माणूसच गरम रक्ताचा, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं.

परतताना शुन्सुकेने न सांगता झऱ्यावर इंजिन बंद केलं. हिसाएने बाही वर सारून हात पाण्यात घातला. बुडबुडे तळव्यावर फुटत राहिले.

"गरम लागतंय का काकू?"

"नाही रे. वर येईपर्यंत गार होतं," ती म्हणाली. पण हात तिने बाहेर काढला नाही.