चष्मा आणि चुडा

“फोडावी लागंल म्हणतीस?” सुमनबाईंनी बांगडी मुठीत घट्ट धरली.

“एक तरी लागंलच, अक्का. तुकडा भिंगावर वितळवून बघितल्याबगर दोघांचं पटतंय का न्हाई, कसं कळावं?”

हुमनाबादच्या बसस्टँडमागे माझी काचेची छोटी भट्टी आहे. काचेवर काच वितळवून जोडायची, लॉकेटं, तोरणं करायची, हा माझा धंदा. लोकांना वाटतं, काच म्हणजे काच. अहो, कसली काच म्हणजे काच! गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. मग भट्टीतून देखणी निघालेली वस्तू कधीतरी बसल्या जागी तडकते. म्हणून परीक्षा केल्याशिवाय मी कुणाचं काम घेत नाही, गिऱ्हाईक कितीही रुसो.

सुमनबाई मन्नाएखेळ्ळीच्या. नवरा, गुंडेराव, उन्हाळ्यात गेला. त्याच्या जुन्या चष्म्याच्या जाड भिंगावर आपला हिरवा चुडा जोडून गळ्यात घालायचं त्यांच्या मनात होतं. मयताच्या दिवशी बाया बांगड्या फोडायला सरसावल्या, तेव्हा याच बाईने सगळ्यांना झिडकारून त्या स्वतःच्या हाताने उतरवल्या होत्या. आणि आता मी, परकी बाई, फोडा म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुमनबाईंनी माझ्या हातातली हातोडी घेतली.

“त्या बायांना फोडू दिली न्हाई. मीच फोडते.”

एका भिंगावर तो तुकडा ठेवून मी भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसने हजर! भिंग निवलं होतं. हिरवा तुकडा त्यात असा बसला होता की दृष्ट लागावी.

“जोडलं की गं! आता आणिक काय बघायलीस?”

मी बिघडलेल्या टीव्हीच्या पडद्यातून काढलेले दोन काळपट पापुद्रे घेतले. ते एकावर एक उभे-आडवे धरले की पलीकडचा उजेड अडतो, सगळा अंधार. त्यांच्या मधे भिंग सरकवलं आणि बल्बसमोर धरलं. त्या अंधारात हिरव्या तुकड्याभोवती पांढरं कडं उमटलं, चंद्राला खळं पडतं तसं.

“अगं बया!” सुमनबाईंनी हात जोडले. “हे कुठून आलं?”

इतकी वर्षं बघते, तरी माझ्या अंगावर काटा येतोच. काचेच्या पोटातली ओढ, कुणाला न दिसणारी, अशी लख्ख समोर उभी राहते. पण सांगणं भाग होतं.

“अक्का, हे चांगलं न्हाई. दोघं एकमेकाला ओढायलेत. जितका उजेड, तितका ताण. आज न्हाई उद्या तडकंल. ह्याचं लॉकेट मी करून देणार न्हाई.”

आता या रडतील, असं मला वाटलं. पण त्यांची नजर त्या कड्यावरून हलेना.

“व्हय बाई, ओढायलेत खरं,” त्या हळूच म्हणाल्या. “जल्मभर तेच. त्यायनी शेत म्हणावं, मी दुकान म्हणावं. एक दिस पटलं न्हाई. पर त्यात एवढा उजेड व्हता, हे कुणी दावलंच न्हाई गं.”

मी म्हटलं, “बांगडीवर बांगडी जोडून देते. तिचं तिच्याशी पटतं. ते टिकंल.”

“नको. हेच दे.”

“तडकंल म्हणून सांगायले ना!”

“तडकू दे. आपलं आपण तडकंल, हातोडी तर कुणी मारणार न्हाई.”

बाहेर मन्नाएखेळ्ळीची बस लागली. कंडक्टर ओरडू लागला. सुमनबाई जागच्या हलल्या नाहीत.

“आणिक एकदा दाव.”

मी पापुद्रे पुन्हा बल्बसमोर धरले. कडं उमटलं, तशा सुमनबाई सावरून बसल्या आणि समोर गुंडेराव आल्यासारखा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.