शकूच्या गोळ्या

"काका, लिमलेटच्या गोळीत गहू कोण टाकील? कंपनीवाला काय येडा हाय?" हरेश गल्ल्यावरून हसत म्हणाला.

मी पाकीट उलटं केलं, भिंग लावलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. साखर, ग्लुकोज, आंबटपणासाठी काहीतरी, रंग. गहू नव्हता. ते पाकीट डावीकडे ठेवलं. संत्र्याची गोळी, पेपरमिंट, शेंगदाण्याची चिक्की आधीच डावीकडे होती. उजवीकडे नको त्या वस्तू. वेफरचं चॉकलेट, माल्ट घातलेली दुधाची गोळी आणि शाळेबाहेर पोरं चघळत उभी असतात त्या आंबट रंगीत पट्ट्या. पट्ट्यांवर सरळ गव्हाचं पीठ लिहिलं होतं.

"हे बघ. हाय की नाय?"

हरेशनं डोळे बारीक करून वाचलं. "आयला! मी तर समजत होतो रबर हाय."

पेणच्या बाजारात हरेशचं गोळ्या-बिस्किटांचं होलसेल दुकान आहे. रोह्याच्या दुकानांत सुट्या गोळ्या बरणीतून देतात, त्यावर काही लिहिलेलं नसतं. म्हणून मी सकाळच्या गाडीनं पेणला आलो होतो. नूतननं, माझ्या मुलीनं, पाठवलं होतं.

तिची मुलगी सुरभी दुसरीत आहे. गहू तिला सोसत नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी निदान केलं. गव्हाचा कणही आतड्याला इजा करतो म्हणाले. चपाती, पाव, बिस्कीट सगळं बंद. पोरीनं कधी हट्ट केला नाही. तरी तिचं पोट दुखायचं, वजन चढत नव्हतं, रक्ताच्या रिपोर्टातला आकडा खाली येत नव्हता. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी जातोय गहू. शोधा." नूतन मला म्हणाली, "बाबा, शाळेत वाढदिवसाला गोळ्या वाटतात, त्याच असणार. तुम्हाला वेळ हाय, तुम्ही बघा."

वेळ मला आहेच. शकू, माझी बायको, श्रावणात गेली. तेव्हापासून दुपार कशी काढायची ते कळत नाही. शाळा सुटली की सुरभी माझ्याकडे येते. नूतन शिफ्ट संपवून येईपर्यंत थांबते. तेवढंच घर बोलतं.

"ही न्या काका," हरेशनं एक डबी पुढे सरकवली. "पाचक गोळी. आवळा, जिरं, मीठ, साखर, हिंग. ह्यात कसला गहू?"

"तसली आमच्या घरीच हाय. शकू करायची."

"मग तर झालंच."

डबी मी डावीकडे ठेवली. मग परत उचलली. जन्मभर कंपनीत बॉयलरवर काम केलं. मीटर स्वतः बघितल्याशिवाय सहकाऱ्याच्या सांगण्यावर कधी गेलो नाही. डबीवर आवळा म्हणजे आवळा, मीठ म्हणजे मीठ. हिंग म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

"हिंगाची डबी हाय का तुझ्याकडं?"

"आता हिंगात गहू शोधताय? उद्या मिठात शोधाल!" तो हसला, पण मागच्या फळीवरून डबी काढून दिली.

भिंग लावलं. पहिलाच शब्द गव्हाचं पीठ. मग डिंक. हिंग सगळ्यांत शेवटी.

मी परत वाचलं. दुसरी डबी मागितली, दुसऱ्या कंपनीची. तिच्यावरही तेच.

"बांधानी हिंग असाच असतो काका," हरेश म्हणाला. "निव्वळ हिंग कुणाला पेलतोय? पीठ घालून बांधतात त्याला."

"तुला म्हाईत होतं?"

"म्हाईत म्हणजे... धंद्यात सगळ्यांना म्हाईत असतं. पण त्याला गहू कोण म्हणतो? हिंगाला हिंगच म्हणतात."

त्यानं पाणी दिलं. मी प्यायलो नसेन, कारण नंतर तो ग्लास भरलेलाच दिसत होता.

आवळे आले की शकू दर वर्षी गोळ्या करायची. आवळे किसायचे, वाळवायचे, मीठ, जिरं, साखर आणि हिंग घालून मळायचं. जोह्याला तिचं माहेर, तिथं तिची आई करायची तशाच. सुरभीसाठी म्हणून हिंग सढळ घालायची. पोट दुखणाऱ्या पोरीला हिंगासारखं औषध नाही असं तिचं म्हणणं. सुरभीला जेवणानंतर एक गोळी. पोट दुखलं तर आणखी एक. फार दुखलं तर आणखी. शकू गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. गोळी देताना मी म्हणायचो, "आजीनं दिली हं."

शकूनं सुरभीच्या आजारापायी घरातून गहू हद्दपार केला होता. मला चपाती आवडते, तरी मलाही तांदळाची भाकरी. पोळपाट नवा आणला, जुना जाळला. "आपल्याला काय जड हाय? भाताचंच घर आपलं," म्हणायची.

आणि तरी पावसाळ्यात रिपोर्ट वाईट आला तेव्हा नूतन तिच्यावर घसरली होती. माझ्यासमोर.

"आई, खरं सांग. तू काय देतेस हिला?"

"काय देणार गो मी? भात नि भाकरी."

"मग कशानं होतंय? माझ्या घरात तर काय नाय. हितंच होतंय."

शकूनं देव्हाऱ्यापुढे हात धरला. "गणपतीची आण घेऊन सांगते. माझ्या हातनं गव्हाचा कण गेला नाय हिच्या पोटात."

नूतन पाय आपटत गेली. पुढचे काही दिवस ती दारातूनच पोरीला घेऊन जायची, आत यायची नाही. त्याच दिवसांत शकूला छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. तेराव्याला नूतन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "आईवर आळ घेतला मी. देवाची आण घ्यायला लावली." अजूनही मधूनच म्हणते. तिला एकच आधार आहे, की आई खरी होती.

शकू खोटं बोलली नव्हती. पण आण खोटी पडली होती. हे मला पेणच्या दुकानात उभं राहून कळलं. तिला कधी कळलं नाही, एवढंच बरं.

"काका, काय काय बांधू?" हरेशनं विचारलं.

"डावीकडचं थोडं थोडं दे. आणि ह्या पट्ट्यांचं एक पाकीट."

"ह्या? ह्या तर नको त्यातल्या."

"म्हाईत हाय. दे."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. एवढ्याशा हिंगानं काय होतंय, असं मनाला सांगून बघितलं. मग आठवलं, डॉक्टर कणसुद्धा म्हणाले होते. नागोठणं गेलं, निडी गेलं. निडीला एक बाई पाटीभर वालाच्या शेंगा घेऊन चढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, बरं नाय का?" मी म्हटलं, "बरं हाय."

घरी आल्यावर पहिल्यांदा बरणी खाली काढली. निम्म्याच्या वर भरलेली होती. गोळ्या शकूच्या बोटांनी वळलेल्या, काही लहान, काही मोठ्या. परसात खड्डा केला आणि ओतल्या. माती लोटायला वेळ लागला. मग बरणी राखेनं घासली, गरम पाण्यानं धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

सुरभी शाळेतून आली. जेवली. हात पुढे केला. "आबा, आजीची गोळी."

"संपल्या."

"एवढ्या होत्या!"

"मुंग्या लागल्या बाय. टाकल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुंग्या झटकून दिल्या असत्यात तरी चाललं असतं." मी संत्र्याची गोळी दिली. तिनं घेतली, पण तोंडात टाकली नाही. मुठीत धरून झोपली.

ऊन उतरलं तेव्हा नूतन आली. चप्पल काढतानाच विचारलं, "मिळालं काय?"

"मिळालं." मी पट्ट्यांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. मागची बाजू वर करून. "ह्यात गहू हाय. लिहिलंय. आणि ह्या मीच देत होतो तिला."

"तुम्ही?"

"कधीपासून देतोय. पोर शाळेतून येते, सगळ्यांच्या हातात असतात. मला काय ठाऊक यात पीठ असतं ते."

नूतनचा चेहरा लाल झाला. "बाबा! आई जिवंत असल्यापासून? ती बिचारी देवाची आण घेत होती आणि तुम्ही गप बसलात?"

"व्हय."

"आईनं माझं ऐकून घेतलं ते तुमच्यापायी?"

"व्हय गो. माझ्यापायी."

सुरभी उठून बसली होती. "आई, आबा खोटं बोलतायत. आबांनी मला कधीच पट्टी दिली नाय. मी मागितली तरी नाय."

"तू मधी बोलू नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला. मी तिच्यावर कधी ओरडत नाही.

आता एक गोष्ट राहिली होती. ती न सांगून चाललं नसतं. रितेशला, जावयाला, वास सोसत नाही म्हणून नूतनच्या घरी हिंग नसतो, पण पोर जन्मभर काही आपल्याच घरी जेवणार नाही.

"आणि हिंग," मी म्हटलं. "हिंगातपण पीठ घालतात. कुणाच्या घरचं लोणचं, पापड, काय खाताना विचारत जा."

नूतन काहीतरी बोलणार होती. थांबली. तिची नजर फळीवर गेली, बरणीच्या जागेवर. मग ओट्यावर. ती उठून ओट्याशी गेली. बरणी उचलून आत नाक घातलं. कितीही घासली तरी हिंगाचा वास जात नाही.

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी टेबलावरचं पाकीट सरळ करत बसलो. सुरभी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

नूतननं बरणी होती तशी पालथी ठेवली. पदरानं तोंड पुसलं. दप्तर खांद्याला लावलं, सुरभीच्या पायात चपला सरकवल्या. दाराशी जाऊन परत फिरली आणि पट्ट्यांचं पाकीट उचलून आपल्या पर्समध्ये घातलं.

"रितेशला दाखवते," ती म्हणाली. "बाबा काय देत होते ते."

"दाखव," मी म्हटलं.